पंच चुकला. मग पुढे?

एक कल्पना करा. वानखेडेवर शेवटची ओव्हर चालू आहे. सहावा चेंडू पडला, समोरच्यांना रन्स जमले नाहीत, तुमची टीम जिंकली. तुम्ही शेजारच्याला मिठी मारताय आणि तेवढ्यात अंपायर हात वर करून सांगतो, ‘अजून एक बॉल बाकी आहे.’ सातव्या चेंडूवर सिक्स जातो. मॅच गेली.

घरी येऊन तुम्ही व्हिडिओ बघता. बोटं मोडून मोजता. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. दुसऱ्या दिवशी बोर्ड जाहीर करतं, ‘हो, मोजायला चूक झाली. अंपायरला घरी बसवलंय. निकाल मात्र तोच राहील.’

आता खरं सांगा, तुम्ही काय कराल?

‘असं कुठे होतं का?’ असं म्हणू नका. झालंय. क्रिकेटमध्ये नाही, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये. हा आपला मेस्सी-रोनाल्डोवाला फुटबॉल नाही. हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि हातात लांबट चेंडू, तो फुटबॉल. तुमच्यापैकी कोणाचा दादा किंवा ताई तिकडे एमएस करत असेल तर शनिवारी रात्री त्यांचे स्टेटस बघा. सगळे एकाच रंगाचे टी-शर्ट, मागे खचाखच भरलेलं स्टेडियम. मिशिगन किंवा टेक्सास विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. कॉलेजच्या मॅचला! आपल्याकडे इंटर-कॉलेज फायनलला प्रेक्षक जमवायला लेक्चर सोडावं लागतं, हे लक्षात घ्या म्हणजे तिथला जोर कळेल.

या खेळाचा एकच नियम आजपुरता पुरे. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. एका प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. चार डाऊनमध्ये जमलं नाही तर चेंडू समोरच्या टीमला द्यायचा. चार म्हणजे चार. यात मत, नजर, अँगल असं काही नाही.

६ ऑक्टोबर १९९०. मिझुरी विरुद्ध कोलोराडो, मैदान मिझुरीचं. शेवटची काही सेकंदं उरलेली. मिझुरी ३१-२७ ने पुढे. कोलोराडोची टीम गोल रेषेच्या अगदी दारात पोचलेली. पहिल्या डाऊनला त्यांनी घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला. दुसऱ्या डाऊनला घुसायचा प्रयत्न केला, अडवले गेले. मग टाइमआउट. याच टाइमआउटमध्ये गडबड झाली. मैदानाच्या कडेला कितवा डाऊन चालू आहे हे दाखवणारा फलक असतो, तो कोणी बदललाच नाही. तिसरा प्रयत्न ‘दुसरा’ म्हणून झाला. चौथा ‘तिसरा’ म्हणून झाला, आणि त्यात त्यांनी परत चेंडू जमिनीवर आपटला, कारण त्यांच्या हिशोबाने अजून एक बाकी होता. मग पाचवा डाऊन. नियमाप्रमाणे तो अस्तित्वातच नव्हता. त्यावर कोलोराडो गोल रेषेच्या पलीकडे गेली. ३३-३१.

स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेने पंचांची पूर्ण टीम निलंबित केली. मिझुरीने दाद मागितली. उत्तर आलं, निकाल बदलता येणार नाही. आणि त्याच मोसमाच्या शेवटी कोलोराडो राष्ट्रीय विजेतेपदाची मानकरी ठरली. दोन मतदानांपैकी एकात ते पहिले, दुसऱ्यात जॉर्जिया टेक.

आता तुम्हाला कळेल, तिथले चाहते इतके का पेटतात. एका टीमला अख्ख्या मोसमात जेमतेम बारा साखळी सामने मिळतात. आपल्या आयपीएलसारखं ‘जाऊ दे, परवा मॅच आहे’ असं नसतं. पुढची मॅच आठवड्याने आणि त्या टीमशी परत गाठ पडली तर पुढच्या वर्षी. कॉलेजचा खेळाडू चार-पाच वर्षांत बाहेर पडतो. त्याच्यासाठी ‘पुढच्या वेळी बघू’ यातली पुढची वेळ येतेच असं नाही. म्हणून हा राग खोटा नाही. ‘अरे, खेळच आहे ना’ असं सांगणाऱ्याने आयुष्यात एकदाही कशावर जीव लावलेला नसतो, असं माझं मत आहे.

पण राग खरा असला तरी तो बरोबर पत्त्यावर जातो का? इथे आपण सगळेच घोळ घालतो.

पंचाच्या चुका तीन जातीच्या असतात. पहिली नजरेची. हात लागला की नाही, धक्का आधी की चेंडू आधी. तिथले पंच बहुतेक अर्धवेळ काम करतात. आठवडाभर दुसरी नोकरी, शनिवारी शिट्टी. बावीस दांडगी पोरं एकमेकांवर आदळत असताना त्यांना डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवायचं असतं. आपण मात्र सोफ्यावर बसून चार कॅमेऱ्यांतून, स्लो मोशनमध्ये, तेही तीनदा बघून ठरवतो की हा आंधळा आहे.

दुसरी चूक मोजणीची किंवा नियमाची. पाचवा डाऊन हा त्यातला प्रकार. अजून एक ऐका. १० सप्टेंबर २०१६, ओक्लाहोमा स्टेट विरुद्ध सेंट्रल मिशिगन. ओक्लाहोमा स्टेट २७-२४ ने पुढे, वेळ संपलेली. शेवटच्या खेळीत त्यांच्याच खेळाडूकडून फाऊल झाला. पंचांनी समोरच्यांना घड्याळ शून्यावर असताना एक जादा प्रयत्न दिला. नियमाप्रमाणे त्या प्रकारच्या फाऊलवर जादा प्रयत्न मिळतच नाही, मॅच तिथेच संपायला हवी होती. त्या एका प्रयत्नात सेंट्रल मिशिगनने लांबच लांब चेंडू फेकला, एकाने झेलून दुसऱ्याला दिला, तो धावत सुटला आणि २७-३० असा निकाल फिरला. खेळी कमाल होती, पण ती व्हायलाच नको होती. परत तेच झालं. पंच निलंबित, निकाल कायम. ही जात माफ करण्यासारखी नाही. मैदानात एवढे पंच असताना कोणालाच नियम आठवला नाही, हे ‘माणूस आहे, चुकतो’ म्हणून सोडता येत नाही.

तिसरी जात म्हणजे बदमाशी. मुद्दाम, ठरवून, पैसे किंवा ओळख घेऊन. त्याला पुरावा लागतो.

आपण काय करतो? पहिली चूक दिसली की थेट तिसरीचा आरोप. ‘मॅनेज आहे रे सगळं.’ आपल्याकडे हे वाक्य चहाच्या टपरीवर दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. ते बोलायला सोपं असतं, कारण मग पुढे काही करायची गरज उरत नाही. सगळंच विकलेलं असेल तर तक्रार तरी कोणाकडे करणार? आणि याचा फायदा नेमका खऱ्या बदमाशाला होतो. सगळ्यांना चोर म्हटलं की चोर गर्दीत आरामात लपतो.

हा राग पुढे कुठे जातो, तेही बघा. २००६ मध्ये ओरेगॉनने ओक्लाहोमाला ३४-३३ ने हरवलं. शेवटच्या दीड मिनिटात एका किकनंतर चेंडू कोणाचा, हे पंचांनी चुकीचं ठरवलं आणि रीप्ले बघूनही चूक तशीच राहिली. संघटनेने माफी मागितली, पंचांना एका सामन्यासाठी बाहेर बसवलं. ओक्लाहोमाच्या विद्यापीठाध्यक्षांनी तर हा सामना नोंदीतूनच काढा, अशी मागणी केली. इथपर्यंत ठीक. पण रीप्ले बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरी जीवे मारण्याच्या धमक्यांचे फोन गेले. फोन करणारे गुंड नव्हते. तुमच्या-माझ्यासारखे चाहते होते, आपण न्यायासाठी लढतोय असं त्यांना मनापासून वाटत असणार.

‘हे अमेरिकेतलं’ म्हणून पान उलटू नका. २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत अहिल्यानगरच्या आखाड्यात पंचांच्या निर्णयावरून काय झालं ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. पंचाला लाथ मारली गेली, दोन पैलवानांवर तीन वर्षांची बंदी आली. पाठ टेकली की नाही यावर लोकांची चर्चा बाजूला पडली आणि लाथेचीच क्लिप फिरत राहिली. त्या पैलवानाची बाजू बरोबर होती असं एक वेळ धरून चाला. तरी त्या लाथेने ती बाजू ऐकणारे कान बंदच केले.

आता तुम्ही म्हणाल, शांतपणे तक्रार करून काय मिळतं? निलंबन आणि ‘निकाल कायम’. मग गोंधळ घातलेलाच बरा. कधी कधी गोंधळानेच काम होतं.

हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण खरंच एकदा काम झालंय.

१९ ऑक्टोबर २०२४, ऑस्टिन. टेक्सास विरुद्ध जॉर्जिया. टेक्सास तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर, पण या मॅचमध्ये ८-२३ ने मागे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टेक्सासच्या बचावपटूने समोरच्यांचा पास हवेतच पळवला आणि गोल रेषेजवळ आणून ठेवला. स्टेडियम वेडं झालं. तेवढ्यात पंचांचा पिवळा रुमाल पडला. त्या बचावपटूने आधी फाऊल केला, म्हणून चेंडू परत जॉर्जियाकडे. रीप्लेमध्ये तो फाऊल दिसत नव्हता. पण असला फाऊल रीप्लेने तपासायची नियमात सोयच नाही. तो पंचाच्या मतावर सोडलेला असतो.

मग विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून बाटल्या यायला लागल्या. ढिगाने. खेळ थांबला. टेक्सासचे कोच स्वतः त्या स्टँडकडे गेले आणि फेकू नका म्हणून हात जोडल्यासारखे उभे राहिले. मैदान साफ होईपर्यंत पंच एकत्र येऊन बोलले. आणि निर्णय फिरला! फाऊल नाही, चेंडू टेक्सासचा. लगेच त्यांनी टचडाऊनही केला.

निर्णय फिरवला तो बरोबर होता. आधीचा निर्णय नीट दिला गेला नव्हता, हे संघटनेनेही नंतर मान्य केलं. पण जगाने काय पाहिलं? बाटल्या पडल्या, निर्णय बदलला. बाटल्यांमुळे बदलला का, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पंच तसेही एकत्र आले असते कदाचित. जॉर्जियाच्या कोचने नेमकं यावर बोट ठेवलं की आता सगळ्यांना कळलं, वस्तू फेकल्या तर निर्णय फिरू शकतो. संघटनेने टेक्सास विद्यापीठाला अडीच लाख डॉलर दंड केला, म्हणजे आपल्या दोन कोटींच्या वर. बाटल्या फेकणाऱ्यांना कॅमेऱ्यातून शोधून त्यांना उरलेल्या शैक्षणिक वर्षात मैदानात येऊ देऊ नका, असंही सांगितलं. आणि मॅच? जॉर्जियानेच जिंकली, ३०-१५.

बाटलीवाल्यांच्या बाजूने मी बराच विचार केला. तरी मला एक गोष्ट खटकते. समजा हेच जॉर्जियाच्या बाबतीत झालं असतं तर? लाखभर प्रेक्षकांत पाहुण्या टीमचे मूठभर. त्यांनी किती बाटल्या फेकल्या असत्या? आवाजाने मिळणारा न्याय ज्याच्याकडे गर्दी जास्त त्यालाच मिळतो. आज गर्दी तुमची आहे म्हणून तुम्हाला तो न्याय वाटतो. पुढच्या महिन्यात तुम्ही दुसऱ्याच्या कॉलेजात खेळायला जाल तेव्हा गर्दी त्यांची असेल. आणि ती बाटली पंचालाच लागेल याचा काय भरवसा? मैदानात तुमच्याच वर्गातली पोरंही उभी असतात.

मग मार्ग काय? एक खूप जुनी गोष्ट सांगतो.

१६ नोव्हेंबर १९४०. कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ. कॉर्नेल अठरा सामन्यांत हरलेली नव्हती. मैदानावर बर्फ, डार्टमथ ३-० ने पुढे. शेवटच्या क्षणी कॉर्नेलने टचडाऊन केला, ७-३ ने जिंकली. सोमवारी दोन्हीकडच्या लोकांनी मॅचची फिल्म बघितली आणि डाऊन मोजले. पाच निघाले. पन्नास वर्षांनी मिझुरीत झालं, तीच चूक.

रेफ्री होते रेड फ्रीसेल. नावाजलेला माणूस. त्यांनी लेखी कबूल केलं, चूक माझी. पण मॅच संपल्यावर निकाल बदलायचा अधिकार ना त्यांना होता ना संघटनेला. म्हणजे कॉर्नेलला काही करायची गरज नव्हती. नियम त्यांच्या बाजूने होता, कप्पाळावर विजयाचा टिळा लागलेला होता. तरी कॉर्नेलने डार्टमथला तार पाठवली की हा विजय आमचा नाही, तुमचा आहे. डार्टमथने तो स्वीकारला. आज नोंद बघा, ३-० आहे, डार्टमथ विजयी. कॉर्नेलची अजिंक्य मालिका तिथे तुटली. पुढच्या शनिवारी ते पेनकडूनही हरले. चांगलं वागल्याचं बक्षीस लगेच मिळतं, असं काही झालं नाही.

१९९० मध्ये कोलोराडोकडे हाच पर्याय होता. त्यांनी तो घेतला नाही. त्यांचे कोच बिल मॅकार्टनी तेव्हा मैदानाच्या वाईट अवस्थेबद्दल बोलत राहिले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी त्याबद्दल खंत व्यक्त केली. मी कोलोराडोच्या जागी असतो तर काय केलं असतं?

मला हे माहीत आहे. म्हणूनच हा लेख लिहितोय.

मी एसवायला होतो. आमच्याच कॉलेजात इंटर-कॉलेज कबड्डी, फायनल. रेषापंच कमी पडले म्हणून सरांनी मला अंतिम रेषेवर उभं केलं. फायनलमध्ये एक टीम आमचीच होती, पण तेव्हा यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बरोबरी. शेवटची चढाई समोरच्यांची. त्यांचा चढाईपटू आत आला, आमच्या कोपऱ्यातल्या पोराने त्याचा घोटा धरला, बाकीचे तुटून पडले. पकड. मैदान उसळलं. चढाईपटू ओरडत उठला, ‘त्याचा पाय बाहेर होता! आधीच बाहेर होता!’ पंचांनी माझ्याकडे बघितलं.

मी त्या क्षणी गुणलेखकाच्या टेबलावरच्या घड्याळाकडे बघत होतो. पाय मी पाहिलाच नव्हता. ‘सर, दिसलं नाही’ एवढंच म्हणायचं होतं. माझी मान ‘आत होता’ अशी हलली. आम्ही एका गुणाने जिंकलो.

त्यांच्या पोरांनी मला घेरलं. शिव्या दिल्या, कोणीतरी चप्पल फेकली. पार्किंगमध्ये माझ्या गाडीची सीट फाडलेली सापडली. रात्री एका मित्राने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. टाच रेषेच्या बाहेर, स्वच्छ. मित्र म्हणाला, ‘डिलीट करू?’ मी म्हणालो, ‘कर.’

मी मुद्दाम केलं नव्हतं. पण मान नेमकी आमच्याच बाजूने का हलली, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. वर मी चुकांच्या तीन जाती सांगितल्या ना? माझी कुठल्या जातीत बसते, ते तुम्हीच ठरवा. मैदानावर ती पहिल्या जातीची होती असं मी स्वतःला समजावतो. रात्री ‘कर’ म्हणालो तेव्हा ती तिसऱ्या जातीची झाली.

आणि एक सांगू? त्या चपलेमुळे मला सोपं गेलं. ‘एवढे वाईट वागले, बरं झालं हरले,’ असं मी स्वतःला सांगू शकलो. त्यांच्यातला एक जण शांतपणे येऊन ‘भाऊ, तू खरंच पाहिलंस का?’ असं विचारता, तर मला झोप लागली नसती. कदाचित मी बोललोही असतो.

म्हणून दोस्तांनो, पुढच्या वेळी पंच चुकला तर गप्प बसा, असं मी अजिबात सांगणार नाही. ओरडा. घसा बसेपर्यंत ओरडा. मग घरी जाऊन व्हिडिओ जपून ठेवा, वेळ आणि गुणफलकासकट. कॅप्टन आणि सरांमार्फत लेखी तक्रार द्या. तक्रारीला लेखी उत्तर मागा. स्पर्धा सुरू होण्याआधीच विचारा की पंच कुठले, आयोजक कॉलेजचा पोरगा रेषेवर का उभा आहे, हिशोब कोण तपासतंय. हे प्रश्न मॅचआधी विचारले की त्याला शिस्त म्हणतात, नंतर विचारले की रडारड. कॉलेजच्या स्पर्धेत ट्रायपॉडवर लावलेला एक मोबाइल किती तरी भांडणं वाचवू शकतो, आणि तो आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

आणि कधी तुम्ही पाचव्या डाऊनवर जिंकलात, आणि ते फक्त तुम्हालाच माहीत असलं, तर? तेव्हा नियमाकडे बघू नका, नियम तुम्हाला सोडून देईल. कॉर्नेलने तार पाठवली होती. आपल्याला तर एक मेसेज टाकायचा असतो.

मी तो खूप उशिरा टाकला. मागच्या वर्षी एका लग्नात त्या चढाईपटूचा नंबर मिळाला. सगळं लिहिलं, टाचेसकट. दोन निळ्या टिका आल्या. दोन दिवस काही नाही. मग उत्तर आलं, ‘मला माहीत होतं. पण तू सांगितलंस ते बरं केलंस. इतकी वर्षं घरचे म्हणायचे, तूच उगाच कारणं देतोस.’